फ्रॅटर्निटीतली दुर्घटना आणि जन्मभराच्या देखभालीचा खर्च: एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

दादा, इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुमचा मुलगा 19 वर्षांचा, जन्माने अमेरिकन नागरिक, न्यू जर्सीतल्या तुमच्या घरापासून दूर, दुसऱ्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठात शिकणारा. फ्रॅटर्निटीत, म्हणजे विद्यापीठातल्या मुलांच्या सदस्यमंडळात, नव्या मुलांना सामील करून घेण्याच्या रात्री त्याला बळेच दारू पाजली. तो जिन्यावरून पडला आणि दवाखान्यात नेण्याऐवजी पोरांनी त्याला सोफ्यावर झोपवून ठेवलं. मेंदूला मार बसला, शिवाय ऑक्सिजन कमी पडला. आता सातवा आठवडा आहे. गळ्यात नळी, पोटात नळी. डोळे उघडतो, सांगितलेलं कधी करतो, कधी नाही. तुमच्या नोकरीतला आरोग्य विमा म्हणतोय की प्रगती दिसत नाही, नर्सिंग होममध्ये हलवा. फ्रॅटर्निटीचं मुख्यालय म्हणतंय की शाखेने आमचे नियम मोडले, आम्ही शाखा बंद केली. आणि कुठल्याशा विमा कंपनीच्या माणसाने फोन करून दवाखान्याच्या बिलांपुरते पैसे देऊ केलेत. तुमचे प्रश्न असे: जबाबदार कोण? जन्मभराचा खर्च कोण उचलणार? वहिनींनी नोकरी सोडावी का? आणि त्याला नाशिकला न्यावं का?

मी वकील नाही. मूळची नर्स, आणि आता बरीच वर्षं न्यू जर्सीत लाइफ केअर प्लॅनर म्हणून काम करते. म्हणजे एखाद्याला कायमचं अपंगत्व आलं की त्याला उरलेल्या आयुष्यात काय काय लागेल आणि त्याला किती पैसे पडतील, याचा आराखडा बनवते. कोर्टात तो आराखडा पुरावा म्हणून वापरला जातो. कायद्याचं जे सांगते आहे ते या कामातून कळलेलं आहे. मुलाच्या विद्यापीठाच्या राज्यातला वकील तुम्हाला लागणारच आहे.

सगळ्यात आग्रहाचं सांगणं आधी. देखभालीचा पूर्ण हिशोब होईपर्यंत कुणाशीही तडजोड करू नका. त्या फोनवाल्या माणसाला सही, रेकॉर्ड केलेला जबाब, मुलाचे वैद्यकीय कागद, यातलं काहीही देऊ नका. तो कितीही सहानुभूतीने बोलला तरी त्याचं काम फाइल स्वस्तात बंद करण्याचं आहे. बिलांपुरते पैसे घेऊन सुटकेच्या कागदावर सही झाली की पुढची पन्नास वर्षं तुमच्या अंगावर येतात.

हिशोब कसा असतो ते बघा. चोवीस तास एक माणूस जवळ लागतो. तासाला 30 डॉलर धरले, आणि बऱ्याच शहरांत एजन्सी याहून जास्त घेते, तर वर्षाचे 2,62,800 डॉलर होतात. पन्नास वर्षांचे 1 कोटी 31 लाखांवर जातात, तेही महागाई न धरता. हा फक्त मदतनीस. नळीतून कफ ओढायला प्रशिक्षित नर्स लागली तर दर आणखी चढतो. मग वस्तू: वळवता येणारा पलंग, उचलायचं यंत्र आणि त्याच्या झिजणाऱ्या झोळ्या, मागे कलणारी व्हीलचेअर, जी साधारण पाच वर्षांनी बदलावी लागते, तिची गादी त्याच्याही आधी, पोटातल्या नळीतून द्यायचं अन्न, डायपर, हातमोजे, सक्शनचे कॅथेटर. हातपाय आखडू नयेत म्हणून बोटॉक्सची इंजेक्शनं किंवा बॅक्लोफेनचा पंप, आणि पंप बसवला की तो ठरावीक काळाने भरायला जाणं. रॅम्प असलेली गाडी. रुंद केलेली दारं, खालपर्यंत सपाट न्हाणीघर. वीज गेली तर सक्शन चालू राहावं म्हणून जनरेटर. दातांची काळजी, कारण तोंडाने न खाणाऱ्याचे दात लवकर बिघडतात. आणि दर दोन तासांनी कूस बदलणं. हे एक काम चुकलं तर माकडहाडावर जखम होते, ती हाडापर्यंत गेली की दवाखान्यात महिनेच्या महिने जातात. आराखड्यात मी ही ओळ नेहमी वर घेते, कारण रात्रीचा माणूस कापून पैसे वाचवायचा मोह सगळ्यांना होतो.

आता समजा, कुणी तुम्हाला 30 लाख डॉलर देऊ केले. रक्कम ऐकून गावाकडे सगळ्यांना वाटेल की प्रश्न मिटला. वकिलाची फी साधारण तिसरा हिस्सा, खटला उभा राहिला तर कधी 40 टक्क्यांपर्यंत. तिसरा हिस्सा धरला तर 10 लाख गेले. तज्ज्ञांचे, कागदपत्रांचे, साक्षींचे मिळून समजा 1 लाख. तुमच्या आरोग्य विम्याने आतापर्यंत भरलेले समजा 6 लाख तो परत मागणार. उरले 13 लाख. वरच्या दराने ते फक्त मदतनिसाला पाच वर्षंसुद्धा पुरत नाहीत. तेव्हा मुलगा 24 वर्षांचा असेल. म्हणूनच पैसा एका खटल्यातून येईल असं गृहीत धरू नका. तो तीन ठिकाणांहून येतो: नुकसानभरपाई, तुमचा आरोग्य विमा आणि सरकारी योजना. तिन्ही एकमेकांत अडकलेल्या आहेत. एकाकडून पैसे कसे घेतले यावर दुसऱ्याकडून मिळणारे अवलंबून असतात.

जबाबदारी कोणाची, याकडे वळते. भारतातले नातेवाईक विचारतात की रॅगिंगची तक्रार केली का. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा आहे, तो शिक्षेचा कायदा आहे. इथेही तसे कायदे आहेत. पेनसिल्व्हेनियाने 2018 मध्ये, ओहायोने 2021 मध्ये ते कडक केले, आणि डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्याने विद्यापीठांना हेझिंगच्या (रॅगिंगला इथला शब्द) घटना जाहीर करणं भाग पाडलं. पण फौजदारी खटल्यातून देखभालीचा पैसा येत नाही. त्यासाठी दिवाणी दावा लागतो, आणि दाव्यात दोन गोष्टी एकत्र बघाव्या लागतात: चूक कोणाची, आणि त्याच्यामागे विमा कोणाचा.

तुम्ही सगळा राग मुख्यालयावर काढलाय. पण फ्रॅटर्निटी ही एकच संस्था नसते. मुख्यालय वेगळं, विद्यापीठातली शाखा वेगळी, घराची मालकी बहुधा माजी सदस्यांच्या आणखी एका कंपनीकडे. त्याखाली अध्यक्ष, नव्या मुलांचा प्रशिक्षक, तुमच्या मुलाला नेमून दिलेला 'मोठा भाऊ', दारू विकत आणणारा, सोफ्यावर झोपवणारे. पलीकडे विद्यापीठ, आणि दारू विकणारं दुकान किंवा बार. यांतल्या प्रत्येकाची जबाबदारी कोर्ट वेगवेगळी तपासतं.

मुख्यालयांचा बचाव अनेकदा टिकतो, हे तुम्हाला आताच कळलेलं बरं. इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये वॉबॅश कॉलेजच्या प्रकरणात, जिथे नवा सदस्य जखमी झाला होता, राष्ट्रीय संस्थेला आणि कॉलेजला मोकळं सोडलं. स्थानिक शाखेवरचा दावा मात्र चालू ठेवला. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2018 मध्ये नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या मृत्यूच्या प्रकरणात मुख्यालयाला वगळलं, पण शाखा, तिचे पदाधिकारी आणि त्या रात्री दारू ओतणाऱ्या बाहेरच्या मुलींविरुद्धसुद्धा दावा चालू शकतो असं सांगितलं. उलट बाजूला साउथ कॅरोलायनात 1986 मध्ये मुख्यालयही जबाबदार धरलं गेलं. तेव्हा मुख्यालयाने हात झटकले म्हणून खचू नका, आणि फक्त त्याच्यावर भिस्तही ठेवू नका.

'तो स्वतःहून प्यायला' हा युक्तिवाद येणारच. त्यावर जुना आधार आहे. इलिनॉयच्या अपील कोर्टाने 1987 मध्ये असंच एक प्रकरण पाहिलं होतं: सदस्यत्वासाठी मुलाला एका दमात बिअर आणि मग व्हिस्की प्यायला लावली, बेशुद्ध झाल्यावर जमिनीवर टाकून ठेवलं, आणि त्याच्या हातांच्या नसांना इजा झाली. कोर्ट म्हणालं की सदस्यत्वाची अट म्हणून पाजलेली दारू आणि पाहुणा म्हणून घेतलेली दारू सारखी नाही. अनेक राज्यांत हेझिंगच्या कायद्यातच लिहिलंय की पीडिताची संमती हा बचाव नाही. पण राज्य महत्त्वाचं: व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा इथे पीडिताची थोडीशी चूक ठरली तरी सगळा दावा बुडू शकतो. तुमचा खटला मुलाच्या विद्यापीठाच्या राज्यात आणि बहुधा त्याच राज्याच्या कायद्याने चालेल, न्यू जर्सीच्या नाही. वकील तिथला घ्या.

आणि 'दवाखान्यात नेलं नाही' हा तुमच्या बाजूचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. पाजणारे एक असतील, पण त्याला त्या अवस्थेत बघून सोडून देणारे अनेक असतात. पेन स्टेट विद्यापीठात 2017 मध्ये अशाच एका प्रकरणात फ्रॅटर्निटीच्या घरातल्या कॅमेऱ्यांनी अख्खी रात्र टिपली होती, आणि तळघरातलं खोडलेलं चित्रण एफबीआयने परत मिळवलं. मिझुरी विद्यापीठात 2021 मध्ये फाय गॅमा डेल्टा या फ्रॅटर्निटीच्या घरातलं चित्रणही असंच महत्त्वाचं ठरलं. तिथल्या मुलाच्या रक्तातली दारू गाडी चालवायच्या कायदेशीर मर्यादेच्या जवळपास सहापट होती. तो वाचला, पण दृष्टी, चालणं, बोलणं सगळं गेलं, आणि आईवडील घरी त्याची देखभाल करू लागले. त्या कुटुंबाने मुख्यालयाबरोबरच वीसहून अधिक जणांना दाव्यात धरलं आणि त्यांच्याशी तडजोडी झाल्या. इतक्या जणांना का धरतात, याचं उत्तर विम्यात आहे.

फ्रॅटर्निटीच्या पॉलिसीत हेझिंग, मारहाण आणि नियमांविरुद्ध दिलेली दारू यांसाठी अपवाद असतात. संस्था स्वतःपुरती संरक्षित राहते, आणि ज्या पोरांनी नियम मोडला त्यांना विमा कंपनी बाहेर काढते. 2019 पासून बहुतेक मोठ्या फ्रॅटर्निटींच्या शिखर संस्थेने 15 टक्क्यांपेक्षा जास्त अल्कोहोल असलेली दारू शाखांच्या घरात बंद केली आहे. परवानाधारक विक्रेत्याने विकली तरच चालते. नियम चांगला आहे. पण दुर्घटनेनंतर त्याचा दुसरा उपयोगही होतो: 'व्होडका नियमबाह्य होती, म्हणून ही पोरं आमच्या विम्यात नाहीत.' मग या पोरांचे पैसे कुठून येणार? त्यांच्या आईवडिलांच्या घराच्या विम्यातून. पूर्णवेळ शिकणारं, 24 वर्षांच्या आतलं, आधी त्या घरात राहणारं मूल बहुतेक अशा पॉलिसींत धरलं जातं. एका घराची मर्यादा 1 लाख ते 5 लाख डॉलर, कुणाकडे वर 10 लाखांची अम्ब्रेला, म्हणजे जादा संरक्षणाची पॉलिसी. दहा-बारा घरं मिळून रक्कम मोठी होते. जाणूनबुजून केलेलं कृत्य त्यातही वगळलेलं असतं, म्हणून तुमचा वकील तक्रारीत मारहाणीपेक्षा निष्काळजीपणाची भाषा वापरेल. तुम्हाला ते सौम्य वाटेल, संताप येईल. पण 'त्यांनी मुद्दाम केलं' असं सिद्ध झालं की विमा कंपनी सुटते, आणि मागे उरतो विशीतला, कर्जात शिकणारा मुलगा, ज्याच्याकडून वसूल काहीच होत नाही.

मराठी आईवडिलांनी हे उलट बाजूनेही वाचावं. आपली मुलं आता या संस्थांत पदाधिकारी असतात. दक्षिण आशियाई मुलांनी नव्वदच्या दशकापासून स्वतःच्या फ्रॅटर्निटी काढल्या आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांकडे ना घर असतं ना मोठी मालमत्ता. दुर्घटना झाली तर दाव्यात तुमच्या मुलाचं नाव येईल आणि पत्र तुमच्या घरी येईल. आपल्या घराच्या पॉलिसीची प्रत काढून एकदा वाचा.

विद्यापीठाबद्दल थोडक्यात. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये, हेझिंगमध्ये अंगावर ओव्हन साफ करायचं रसायन पडून भाजलेल्या विद्यार्थ्याच्या प्रकरणात, विद्यापीठावरही काळजी घेण्याचं कर्तव्य येतं असं म्हटलं. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाने 2021 च्या मृत्यूनंतर 2023 मध्ये सुमारे 29 लाख डॉलरची तडजोड केली. पण सरकारी विद्यापीठाला अनेक राज्यांत कमाल मर्यादा आहे: फ्लोरिडात माणशी 2 लाख डॉलर, पेनसिल्व्हेनियात अडीच लाख. आणि दाव्याआधी नोटीस द्यावी लागते. न्यू जर्सीत तिची मुदत 90 दिवस आहे, कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये 6 महिने. तुमचे सात आठवडे गेलेत. दाव्याची मुदत बऱ्याच राज्यांत दोन वर्षं असते आणि ती ऐकून माणसं निर्धास्त होतात, नोटीस मात्र राहून जाते. याच आठवड्यात वकील गाठा. त्याच्याकडून पहिलं पत्र पुरावे जपून ठेवण्याचं जाऊ द्या: घरातले कॅमेरे, ग्रुपमी या चॅट अ‍ॅपवरचे मेसेज, दारूच्या पावत्या, मुख्यालयाकडे त्या शाखेच्या जुन्या तक्रारी. स्नॅपचॅटवरचं काही तासांत उडतं. मुलाचा फोन बंद करू नका, दुरुस्तीला देऊ नका, त्याचं मासिक बिल भरत राहा.

आता विम्याचं 'प्रगती नाही'. याच्याशी तुम्हाला आजच लढायचंय, कारण मेंदूच्या दुखापतीत पहिले महिने फार मोलाचे. नर्सिंग होममध्ये एकदा गेलेला रुग्ण परत पुनर्वसन रुग्णालयात आणणं कठीण जातं. अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने 2018 मध्ये, पुनर्वसनातल्या संस्थांबरोबर, दीर्घकाळ जाणीव हरवलेल्या रुग्णांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकदाच बघून निदान करू नका, प्रमाणित चाचणीने पुन्हा पुन्हा तपासा, आणि या कामात तरबेज असलेल्या केंद्राकडे पाठवा, असं त्यांत सांगितलंय. तुम्ही लिहिलंय की तो सांगितलेलं 'कधी करतो, कधी नाही'. विमा कंपनीला हे अपयश वाटतं. खरं तर ती फार महत्त्वाची खूण आहे. अधूनमधून आज्ञा पाळणं म्हणजे किमान जाणीव असणं. डॉक्टरांना हेच शब्द नोंदवायला सांगा. वहिनींना वही ठेवायला सांगा: तारीख, वेळ, काय सांगितलं, त्याने काय केलं, तेव्हा खोलीत कोण होतं. 'सकाळी 10:20, अंगठा वर कर म्हटलं, तीन वेळा सांगितल्यावर उजवा अंगठा हलला, नर्स हजर.' अशा पाच-सहा नोंदी अपिलात डॉक्टरांच्या पत्राला बळ देतात. नकार लेखी मागा, तातडीचं अपील करा. ते फेटाळलं तर बाहेरच्या तटस्थ तपासणीचा हक्क असतो, आणि तातडीच्या प्रकरणात तिचा निर्णय 72 तासांत द्यावा लागतो. न्यू जर्सीतलं केसलर, शिकागोतलं शर्ली रायन, कोलोरॅडोतलं क्रेग या रुग्णालयांना मेंदू आणि मणक्याच्या दुखापतींचा दांडगा अनुभव आहे. त्यांच्याकडे रुग्ण घ्यायच्या आधी तपासणीला येणारे लोक असतात. त्यांना बोलवायला दवाखान्यातल्या समाजसेविकेला सांगा.

तुम्हीच मुलाच्या वतीने बोलू शकता असं मात्र गृहीत धरू नका. 18 पूर्ण झाले की कायद्याने तो सज्ञान. आईवडिलांना आपोआप अधिकार राहत नाही. पालकत्वासाठी कोर्टात अर्ज करावा लागेल, आणि त्याशिवाय तडजोडीवर सहीही करता येणार नाही.

सरकारी योजनांबद्दल, विशेषतः मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या आणि अपंगांच्या सरकारी आरोग्य विम्याबद्दल, आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. 'आमचा पगार जास्त, आम्हाला मेडिकेड कुठून मिळणार' असं म्हणून अर्जच करत नाहीत. दादा, मुलगा सज्ञान आणि अपंग आहे. अपंगत्वाच्या निकषावर मेडिकेड आणि एसएसआय (अपंगांना मिळणारा सरकारी मासिक भत्ता) यांसाठी त्याचं स्वतःचं उत्पन्न आणि स्वतःची शिल्लक बघतात, तुमची नाही. शिल्लक 2,000 डॉलरच्या आत हवी. आजीने त्याच्या नावावर ठेवलेले पैसे, तुम्ही त्याच्या नावाने उघडलेलं खातं, हे सगळं तपासा. पण वकिलाला विचारल्याशिवाय हलवू नका. मेडिकेडचं महत्त्व दवाखान्यापेक्षा पुढे आहे. खासगी विमा जन्मभर मदतनीस देत नाही, 'ही वैद्यकीय सेवा नाही' म्हणतो. घरी माणूस मिळण्याचा सरकारी रस्ता म्हणजे मेडिकेडच्या घरगुती सेवांच्या योजना, आणि काही राज्यांत त्यांना वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी आहे. नाव आज लावा. नकार आला तर पुन्हा लावा.

आणखी एक हक्क फार थोड्यांना ठाऊक असतो. 22 वर्षांच्या आत अपंगत्व आलं असेल, तर आई किंवा वडील निवृत्त झाल्यावर, अपंग झाल्यावर किंवा गेल्यावर त्यांच्या सोशल सिक्युरिटीच्या (सरकारी निवृत्तिवेतनाच्या) नोंदीवर मुलाला जन्मभर पैसे मिळू शकतात, आणि त्यानंतर 24 महिन्यांनी मेडिकेअर, म्हणजे वृद्ध आणि अपंगांसाठीचा केंद्राचा आरोग्य विमा. तुमचा मुलगा 19 चा आहे. अपंगत्व कधी सुरू झालं हे सिद्ध करणारे आताचे कागद तुम्ही सत्तरीत असताना लागतील. एक फाइल घरी आणि तिची प्रत नात्यातल्या कुणा तरुण माणसाकडे ठेवा. आणि तुमचा नोकरीतला विमा 26 व्या वर्षी त्याला आपोआप सोडेल, पण अपंग मुलाला पुढे चालू ठेवायची सोय बऱ्याच पॉलिसींत असते. मुदतीत अर्ज करावा लागतो.

आता या दोन्ही धाग्यांची गाठ. नुकसानभरपाईची रक्कम मुलाच्या नावावर थेट जमा झाली की 2,000 ची मर्यादा ओलांडली, आणि मेडिकेड, एसएसआय दोन्ही बंद. म्हणून रक्कम यायच्या आधी स्पेशल नीड्स ट्रस्ट करतात. त्यातला पैसा मुलाच्या गरजांवर खर्च होतो, योजनाही चालू राहतात. मुलाच्या स्वतःच्या पैशातून केलेल्या ट्रस्टमधलं उरलेलं त्याच्या पश्चात आधी मेडिकेडला जातं. आजी-आजोबा, काका-मामा यांना काही द्यायचं असेल तर ते त्याच ट्रस्टमध्ये घालू नका. नातेवाइकांचा वेगळा ट्रस्ट केला तर ती परतफेड लागत नाही. मृत्युपत्रात मुलाचं नाव थेट घातलेलं असेल तर तेही बदला.

मेडिकेडने आणि तुमच्या विम्याने भरलेलं परत मागणं, ज्याला इथे लीन म्हणतात, त्यावर बरीच घासाघीस होते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटलं की मेडिकेड तडजोडीतल्या भविष्याच्या उपचारांसाठी ठेवलेल्या भागातूनही वसुली करू शकतं. म्हणजे तडजोडीच्या कागदात कोणती रक्कम कशासाठी, हे काळजीपूर्वक लिहून घ्यायला हवं. तुमच्या कंपनीची योजना कंपनी स्वतःच्या पैशाने चालवत असेल तर तिचा हक्क बहुधा राज्याच्या कायद्याने कमी होत नाही. एचआरकडून योजनेचा मूळ दस्तऐवज लेखी मागवा. पूर्ण रक्कम एकदम घेण्याऐवजी तिच्या काही भागाचे दरमहा हप्ते बांधून घेता येतात. शारीरिक इजेच्या भरपाईवर आयकर नाही, आणि अशा हप्त्यांत वाढलेल्या पैशावरही नाही; एकरकमी घेऊन गुंतवलेत तर व्याजावर कर लागतो. माझा कल असा असतो की मदतनिसाचा पगार निघेल इतका हप्ता बांधावा, आणि घर, गाडी, अडचणी यांसाठी ट्रस्टमध्ये मोकळी रक्कम ठेवावी. सगळं हप्त्यांत अडकवलं तर पाचव्या वर्षी छप्पर गळल्यावर हातात काही नसतं.

वहिनींच्या नोकरीबद्दल मला मनापासून वाटतं ते सांगते. आत्ता सोडू नये. आधी कायद्याने मिळणारी 12 आठवड्यांची रजा घ्यावी. ती बिनपगारी असते, पण नोकरी आणि विमा टिकतो. न्यू जर्सीत त्यावर कुटुंबासाठीची पगारी रजाही आहे. तुमच्या दोघांपैकी कोणाच्या नोकरीतला विमा मुलाला चांगला पडतो ते बघितल्याशिवाय कुणीच राजीनामा देऊ नये. आपल्याकडे आईने सगळं सोडून पोराजवळ बसणं हे गृहीतच धरलं जातं, आणि बसताना तिची पाठ, झोप, पेन्शन यांचा कुणी हिशोब करत नाही. मी आराखड्यात तो करते. घरच्यांनी दिलेली सेवा फुकट धरायची नसते; बाहेरच्या माणसाला जे द्यावे लागले असते ते तिचं मोल, आणि बहुतेक ठिकाणी ते दाव्यात मागता येतं. म्हणून वहिनींच्या वहीत त्यांच्या तासांचीही नोंद हवी. काही राज्यांत मेडिकेड घरच्या माणसाला मदतनीस म्हणून पगारही देतं.

एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्या मुलांचे आईवडीलही हे वाचत असतील. त्यांची परिस्थिती फार वेगळी आहे. जिवावरच्या तातडीच्या उपचारांपुरतं मेडिकेड सोडलं तर सरकारी योजना त्यांना जवळजवळ बंद आहेत, एसएसआय तर नाहीच. विद्यापीठाचा विद्यार्थी विमा हाच आधार, आणि अभ्यासक्रमातलं नाव कमी झालं तर तोही जायचा धोका. दुर्घटना झाली तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाशी वैद्यकीय कारणाने अभ्यास कमी करण्याबद्दल लगेच बोला. आणि दवाखान्याने मायदेशी पाठवायचा आग्रह धरला तर लेखी मागा; वकिलाशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका. दावा भारतातूनही चालवता येतो, पण साक्षीपुरावे इथेच असतात.

उरलं नाशिक. तिथे माणसं आहेत, मदतनीस परवडतो, आजी जवळ राहील. हे सगळं खरं आहे, आणि पुढे कधीतरी ते योग्यही ठरू शकेल. पण त्याचं नागरिकत्व अमेरिकन आहे, आणि मेडिकेड भारतातल्या उपचारांचे पैसे देत नाही. सलग 30 दिवस देशाबाहेर राहिलं की एसएसआय थांबतं आणि परत आल्यावर पुन्हा 30 दिवस इथे काढल्यावरच सुरू होतं. घरगुती सेवांच्या यादीतलं नावही जाऊ शकतं. याउलट तडजोडीतले बांधलेले हप्ते आणि ट्रस्टचा पैसा नियमांत बसवून तिथे वापरता येतो. म्हणजे नाशिकचा पर्याय तडजोडीनंतर खुला होतो, आधी नाही. तोवर त्याला इथल्या पुनर्वसन रुग्णालयात टिकवा, आणि आजीला व्हिसा काढून इकडे आणा. ओळखीच्या आवाजाला तो कसा प्रतिसाद देतो हे डॉक्टरांनाही बघायचं असतं. आराखडा करताना वकिलाला सांगून दोन्ही ठिकाणचे दर मांडून घ्या, पण कोर्टापुढे जाणारा आराखडा इथल्याच दराने असू द्या. भारतातले स्वस्त दर दाखवून रक्कम कमी करायला समोरचे वकील टपलेले असतात, म्हणून 'आम्ही परत जाणार आहोत' असं तडजोड होईपर्यंत फेसबुकवर किंवा कुणा ओळखीच्याजवळसुद्धा बोलू नका.